ओरडणारा पंखा, काम करणारा पंखा

तुमच्या न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा आहे का? तोच तो, वर खिडकीत नाहीतर भिंतीतल्या गोल भोकात बसवलेला, ज्याला सगळे एक्झॉस्ट म्हणतात. आहे? बरं, मग आता खरं सांगा, तो लावतं कोण?

बहुतेक घरांत तो लागतो पाहुणे येणार असले की! एरवी बटण दाबलं की घर्रर्र असा काही आवाज सुरू होतो, की शेजारच्या खोलीत डोळा लागलेली आजी दचकून उठते आणि दहावीच्या अभ्यासाला बसलेली ताई आतून ओरडते, "ए, बंद कर आधी तो!" झालं, पंखा बंद. पंखा बंद म्हणून भिंतीला ओल, ओल म्हणून छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके, आणि मग दिवाळीच्या आधी रंगाचा खर्च.

तेव्हा एक्झॉस्टचा आवाज ही काही नुसती नखऱ्याची तक्रार नाही. जो पंखा लावावासाच वाटत नाही, त्याची लायकी भिंतीला पाडलेल्या भोकाइतकीच, मग खोक्यावर ताकदीचे कितीही आकडे छापलेले असोत. घरात नवा पंखा आणायची चर्चा चालली असेल, तर तुम्ही तिच्यात जरूर नाक खुपसा. त्यासाठी थोडं गणित आणि थोडं विज्ञान लागेल, पण ते सगळं तुमच्या पुस्तकातलंच आहे.

आधी पंख्याला काम किती आहे ते बघू. पाच फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट अशी आपली नेहमीची बाथरूम घ्या. आत 315 घनफूट, म्हणजे जवळजवळ 9 घनमीटर हवा झाली. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवू शकते. करा गुणाकार. पाव लिटरहून थोडं जास्त पाणी! म्हणजे बादलीभर कढत पाण्याने मनसोक्त अंघोळ झाली, की मोठा कपभर पाणी तुमच्या डोक्याभोवती न दिसता तरंगत असतं. हवा गार झाली की तिची झोळी लहान होते. 20 अंशांना तिच्यात 17 ग्रॅमच मावतात. उरलेलं पाणी मग आरशावर बसतं, फरशीवर बसतं, छताला चिकटतं. बुरशीला आणखी काय हवं? तिचे बीजाणू हवेत उडत राहतात, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्याला ते चांगलेच छळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर अख्खी मार्गदर्शिका काढली, ती काही उगीच नाही.

न्हाणीघरातली हवा तासाला 8 वेळा बदलली जावी असा एक ठोकताळा आहे. अमेरिकेतली 'होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूट' ही संस्था तोच सांगते. आपल्या 9 घनमीटरच्या बाथरूमला याप्रमाणे ताशी 72 घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा पुरेल. आणि दुकानात जाऊन पाहाल तर साध्या सहा इंची पंख्याच्या खोक्यावरसुद्धा ताशी 200 घनमीटरच्या वरचा आकडा सहज दिसेल! अर्थात तो आकडा पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, झडप, पाइप लागला की तो बराच खाली येतो. तरीही गंमत ध्यानात आली ना? बहुतेक घरांत ताकद कमी पडतच नाही. उलट ती थोडी जास्तच असते, आणि त्यातली थोडी देऊन आपण शांतता विकत घेऊ शकतो.

मग ओरडतं कोण?

पंख्याचा आवाज हा एकच आवाज नसतो, बरं का. तीन जण मिळून कोरस लावतात.

पहिली मोटर. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, त्यामुळे मोटरमधलं लोखंड सेकंदाला 100 वेळा थरथरतं. हा झाला 'हंऽऽ' असा खालच्या पट्टीतला गुणगुणाट.

दुसरी पाती. हवा पात्यांवरून निसटते तेव्हा मागे लहान लहान भोवरे सोडते आणि त्यांचा सळसळाट होतो. पातं जितकं वेगात, तितका हा आवाज जास्त. हवा कापत जायचं आणि आवाज मात्र होऊ द्यायचा नाही, ही कला ज्याला साधली आहे तो कोण, ओळखा पाहू? घुबड! रात्री उंदरावर झेप घेताना त्याच्या पंखांचा आवाज येत नाही. ग्रॅहम नावाच्या इंग्रजाने 1934 साली यामागची तीन कारणं लिहून ठेवली. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेला मऊ झालर आणि वरून मखमलीसारखी लव. आज जर्मनीतली एक कंपनी घुबडाच्या या युक्तीवरून दातेरी कडांच्या पात्यांचे मोठाले पंखे बनवते. आपल्याकडे ज्याला अशुभ म्हणून दगड मारतात, त्याच्याकडून इंजिनिअर शिकवणी घेत आहेत!

तिसरा कलाकार सर्वांत लबाड, कारण तो पंख्यात नसतोच. एक प्रयोग करा. घरातला मोबाइल 'व्हायब्रेट'वर ठेवून तळहातावर घ्या आणि त्याच्यावर फोन करा. नुसत्या गुदगुल्या होतील. आता तोच मोबाइल पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर ठेवा आणि पुन्हा फोन करा. घरभर खणखणाट! मोबाइल तोच, थरथर तेवढीच. पण ताट केवढी तरी हवा हलवतं. खिडकीच्या पातळ चौकटीत किंवा सैल पत्र्यात घट्ट ठोकलेला पंखा नेमकं हेच करतो. पंखा आणि चौकट यांच्यामध्ये रबराचे वॉशर किंवा रबराची पट्टी घातली, की निम्मी कटकट मिटते. अनेक घरांत नवा पंखा आणायची गरजच नसते. चार स्क्रू आणि थोडं रबर एवढ्यावर काम भागतं.

शिवाय न्हाणीघराच्या गुळगुळीत फरश्या आवाज शोषत नाहीत, परतवतात. तिथे आपलं गाणं किती छान वाटतं, आठवा! पंख्यालाही तसंच वाटत असणार.

मोठा आणि सावकाश

आता खरी युक्ती. पंखा किती हवा हलवतो ते दोन गोष्टींवर ठरतं, पात्यांचा घेर आणि फेऱ्यांचा वेग. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट. पण त्याच घडणीचा पंखा आकाराने दुप्पट केला, तर त्याच वेगात हवा आठपट! व्यासाचा घन करायचा असतो ना, म्हणून.

समजा, सहा इंची पंखा मिनिटाला 2400 फेरे घेतो. त्याच्या पात्याचं टोक ताशी सुमारे 68 किलोमीटर वेगाने पळत असतं, म्हणजे महामार्गावरच्या एस.टी.सारखं. आता तशाच घडणीचा आठ इंची पंखा घ्या. तेवढीच हवा हलवायला त्याला मिनिटाला हजार फेरे पुरतात, आणि त्याच्या पात्याचं टोक पळतं ताशी 38 किलोमीटरनेच. हवा तेवढीच, धावपळ जवळपास निम्मी. आणि आवाज तर वेगाच्या मानाने फारच झपाट्याने उतरतो. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण 15 डेसिबलने कमी होतो, आणि 10 डेसिबल उतरले तरी आपल्या कानाला तो निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

म्हणून भोक मोठं करता येत असेल, तर सहा इंचीऐवजी आठ इंची पण सावकाश फिरणारा पंखा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खोक्यावर 'आर.पी.एम.' हा आकडा शोधा. दोन पंखे सारखीच हवा देत असतील तर ज्याचा आर.पी.एम. कमी तो उचला. डेसिबल छापले असतील तर ते किती अंतरावरून मोजले हेही वाचा. तीन मीटरवरून मोजलेला 40 आणि एका मीटरवरून मोजलेला 40 यांत पुष्कळ फरक आहे. दुसरा पंखा जास्त शांत.

एक मेख मात्र आहे. सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा रेटा कमी असतो. भिंतीत भोक आणि पलीकडे मोकळं आकाश, तर प्रश्न नाही. पण छताआडून पाचसात फूट पाइप, त्यात दोन वळणं, अशी नव्या फ्लॅटमधली व्यवस्था असेल, तर तो बिचारा जागच्या जागी हवा घुसळत बसतो. तिथे कूलरमध्ये असतो तसा पिंजऱ्यासारख्या पात्यांचा ब्लोअर लागतो. आणि पाइप जितका रुंद, जितका सरळ, तितका आवाज कमी.

दुकानदाराला पंखा लावून दाखवायला सांगा. लाजू नका. पण रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात कानावर विसंबण्यात अर्थ नसतो, तेव्हा बाहेरच्या चौकटीवर हात ठेवून थरथर किती ते पाहा. मग तो बंद करायला लावा आणि पाती थांबेपर्यंत कान द्या. मोटरचा आवाज गेल्यावर खरखर ऐकू आली, तर तो पंखा परत खोक्यात. बुशवाले पंखे नवे असताना शांत असतात, पण पुढे झिजून खडखडू लागतात. बॉल बेअरिंग जास्त टिकतं.

हवा येणार कुठून?

पंखा शांत, ताकद पुरेशी, तरीही आरसा धुरकट? मग हवेची वाट तपासा. पंखा हवा बाहेर टाकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. बंद बाटलीतून हवा ओढून पाहा, ओढता येते का? दाराखाली बोटभर फट हवीच.

आपल्याकडची नेहमीची चूक वेगळी आहे. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतल्या दोन पट्ट्या काढून तिथे पंखा बसवतात आणि खालच्या पट्ट्या उघड्याच ठेवतात. हवा हुशार आहे, ती जवळचा रस्ता धरते. बाहेरची हवा उघड्या पट्ट्यांतून आत येते आणि लगेच शेजारच्या पंख्यातून बाहेर जाते. खोलीतली वाफ बसते तमाशा बघत! पट्ट्या बंद करा, दाराखालून हवा येऊ द्या, म्हणजे ती सगळी खोली झाडत जाईल. खात्री करायची असेल तर उदबत्ती दाराच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा वाळायला वेळ लागणार. तो दोष पंख्याचा नाही.

आता एक गोष्ट, गंमत बाजूला ठेवून. काही घरांत न्हाणीघरातच गॅसचा गीझर असतो. थंडीत दार-खिडक्या घट्ट लावून त्याखाली अंघोळ केली, तर त्याची ज्योत खोलीतला ऑक्सिजन खात जाते, आणि ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. माणसाला गरगरतं, डोकं दुखतं, आणि कडी काढायच्या आत तो कोसळतो. हिवाळ्यात अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांत मुलंही असतात. एक्झॉस्ट आहे म्हणून असा गीझर सुरक्षित होत नाही. वीज जाते, पंखा लावायचा राहतो, आणि हवेची वाट बंद असली तर पंखा नळीतून वर जाणारा धूर उलटा खालीही ओढू शकतो. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा. तुमच्याकडे तो आत असेल तर आजच घरी सांगा. कुणाला आत चक्कर आली तर दार सताड उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा.

राहता राहिला विजेचा प्रश्न. अंघोळ झाल्यावर पंखा आणखी वीस मिनिटं चालू ठेवा, असं सांगितलं की घरातलं कुणीतरी बिलाकडे बोट दाखवेलच. त्यांना हिशेब द्या. 30 वॉटचा पंखा 20 मिनिटांत 10 वॉट-तास वीज खातो. एक युनिट म्हणजे 1000 वॉट-तास. रोज एकदा याप्रमाणे एक युनिट जळायला शंभर दिवस लागतील! आणि दर दोन-तीन महिन्यांनी पात्यांवरचा मळ पुसायला हवा, कारण मळ एका बाजूला जास्त बसला की पंखा डुगडुगतो आणि पुन्हा ओरडू लागतो. हे काम मोठ्यांनी करायचं, मेन स्विच बंद करून. तुम्ही खाली उभं राहून स्टूल धरा.