यांत्रिक करवत आणि कास्तकाराचे हात

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या सोनाळ्यासारख्या गांवीं फळ्यांचें काम सदोदित निघतेंच. दाराची फळी कुजते, गव्हाण मोडते, बंडीची दुरुस्ती येते. पूर्वीं हें सर्व हातकरवतीनें होई. हल्लीं मेजावर बसविलेली विजेची गोल करवत खेड्यांतहि आली आहे. तिच्यापासून हात कसा वांचवावा, हें प्रत्येक कास्तकारानें समजून घेणें अगत्याचें आहे.

दहा इंची चकती मिनिटास ३००० फेरे घेते, तेव्हां तिचे दांते सेकंदास सुमारें ४० मीटर वेगानें धांवतात. पुढील दांते फळीस मेजावर दाबतात. मागील दांते मात्र वर उसळत असतात. कापलेली फट मिटून चकतीस आवळूं लागली किंवा फळी तिरकी झाली, म्हणजे हे मागील दांते फळीस उचलून कापणाराच्या अंगावर भिरकावतात, व कित्येकदां हातहि चकतीवर ओढला जातो. फट मिटूं नये म्हणून चकतीच्या मागें पातळ पोलादी पट्टी बसविलेली असते. अडचण होते म्हणून ती, किंवा वरचें झांकण, काढून ठेवूं नये.

जुन्या फळींतील खिळे प्रथम उपटावे. वांकडी फळी रंधून सरळ करावी, व तिची सरळ कड मेजावरील आधारपट्टीस टेकवूनच लांबी कापावी. चकतीचे दांते फळीच्या वर सुमारें पाव इंचच ठेवावे. आपण चकतीच्या रेषेंत उभें न राहतां बाजूस उभें राहावें. अरुंद फळी लाकडी दांडक्यानें ढकलावी. सैल बाही, उपरणें व हातमोजे वर्ज्य समजावे. डोळ्यांस चष्मा असावा.

आपल्या भागांत वीज जाते व अवचित येते. ती येतांच विहिरीवरील पंप आपोआप चालावा म्हणून पुष्कळ जण स्टार्टरला ‘ऑटो’ जोडतात. करवतीस हीच सोय घातक होय. वीज गेली असतां माणूस अडकलेली फळी सोडवूं लागतो. त्याच क्षणीं वीज आली तर बोटें जावयास निमिषहि लागत नाहीं. करवतीस ऑटो नसलेला स्टार्टर लावावा, म्हणजे वीज जातांच तो सुटतो व पुन्हां दाबल्यावांचून यंत्र चालत नाहीं. साधें बटण असल्यास तें तत्काळ बंद करावें, आणि प्लग काढल्याशिवाय चकतीस हात लावूं नये.

यंत्राच्या धोक्याच्या भागांस आडोसा असावा, अशी सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्यानें केली होती. घरच्या गोठ्यांत मात्र तपासनीस येत नसतो. तेव्हां गांवच्या सुतारास फळ्या देतांनाहि त्याच्या करवतीस झांकण व पट्टी आहे ना, हें पाहावें, आणि पेरणीच्या निकडींत त्याला घाई करूं नये, अशी आमची वाचक बंधूंस विनंती आहे.