चंद्राचे छायाचित्र : मोठे आणि रेखीव

पुनवेचा चंद्र डोंगराआडून उगवतो तेव्हा परातीएवढा भासतो. छायाचित्रात मात्र तांदळाच्या दाण्याएवढा उमटतो. इथे कॅमेरा खोटा नसतो, नजर फसते. हात लांब करून करंगळी धरा. चंद्र उगवतीचा असो की माथ्यावरचा, तिच्याआड सहज झाकला जाईल.

आकाशात तो जेमतेम अर्धा अंश व्यापतो. भिंगाच्या नाभीय अंतराचा सुमारे ११० वा भाग, एवढीच त्याची प्रतिमा पडते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने अर्धा मिलिमीटरही नाही. ५०० च्या भिंगाने साडेचार. म्हणून मोठ्या चंद्राला लांब भिंग किंवा दुर्बीणच हवी.

आता रेखीवपणा. आपल्याकडे रात्र असली तरी चंद्रावर ऊनच असते. संवेदनशीलता १००, छिद्र एफ-११, तर पूर्ण चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरे. जास्त वेळ दिलात की नुसता पांढरा ठिपका! तिवई मात्र घट्ट हवी.

पौर्णिमेपेक्षा अष्टमी बरी. वेळ सुमारे चौपट द्यावा. तिरप्या उन्हात विवरांच्या सावल्या लांबतात. गुरुजींनी मुलांकडून दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाइल लावून चित्र घ्यावे. सशाच्या जागी लाव्हाची मैदाने त्यांची त्यांनाच दिसतील.