उंटावरची पहाट

तुमच्यापैकी किती जणांनी उंट जवळून पाहिला आहे? विदर्भातल्या मंडळींनी पाहिला असेल. कच्छकडचे रबारी मेंढ्या घेऊन तिकडे येतात. त्यांच्या उंटांवर खाटा, भांडी आणि लहान पोरेही असतात. बाकीच्यांना उंट ठाऊक असतो तो म्हणीतला. ‘उंटावरून शेळ्या हाकू नकोस’ असे आपण सहज बोलून जातो. पण उंटावर बसले की काय होते, ते बसल्याशिवाय कळत नाही. आम्ही एकदा बसलो. ती हकीकत सांगतो.

वाळूचा मुलूख

राजस्थानात जैसलमेर नावाचे शहर आहे. त्याच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम हे गाव आहे. तिथे वाळूचे मोठमोठे ढीग आहेत. ढीग कसले, टेकड्याच त्या! वारा त्या टेकड्या रचतो आणि वाराच त्या हलवतो. या वाळवंटाला थर म्हणतात. जैसलमेरला वर्षभरात सुमारे २०० मिलिमीटरच पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक पडतो. आता करा तुलना.

आम्ही जानेवारीत गेलो होतो. एका ढाणीत, म्हणजे चार-सहा घरांच्या वाडीत, मुक्काम केला. उंटवाल्या बाबांनी आदल्या रात्रीच बजावले, “पहाटे तयार राहा. ऊन झाल्यावर मजा नाही.”

आम्ही सहाला उठलो. बाहेर मिट्ट काळोख! जैसलमेर देशाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. त्यामुळे जानेवारीत नागपूरला दिवस उगवला, तरी तिथे उगवायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. थंडी तर अशी, की दोन घोंगड्या पांघरूनही दात वाजत होते.

वाळवंटात एवढी थंडी कशी? कारण सोपे आहे. ढग पांघरुणासारखे असतात. ते जमिनीची ऊब धरून ठेवतात. वाळवंटात ढग नसतात आणि हवेत ओलही नसते. म्हणून दिवसभर तापलेली वाळू रात्री भराभर निवते. पहाटे ती पायाला बर्फासारखी लागते.

उंट उठतो कसा

उंट गुडघे मोडून बसला होता. बाबांनी त्याच्या पाठीवर लाकडी खोगीर घातले. वर जाड गोधडी टाकली. वेसणीची दोरी हाती घेतली. आम्ही वर बसलो.

बाबा म्हणाले, “मागे रेला आणि घट्ट धरा.”

आम्ही ऐकले नाही. आम्ही म्हणजे उंटावरचे शहाणे! उंट आधी मागचे पाय सरळ करतो. त्यामुळे स्वार एकदम पुढे कलंडतो. आमचे नाक उंटाच्या मानेवर आपटता आपटता राहिले. मग त्याने पुढचे पाय उचलले आणि आम्ही मागे फेकलो गेलो. बाबा हसले. “सगळे असेच करतात,” ते म्हणाले.

बसतानाही तसेच असते. उंट आधी पुढचे गुडघे टेकतो. तेव्हाही स्वाराने मागेच रेलावे.

उंटाची चालही निराळी. बैल चालतो, तसा तो चालत नाही. एका बाजूचे दोन्ही पाय तो जवळजवळ एकदमच उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे. म्हणून वर बसलेला माणूस नावेत बसल्यासारखा डुलतो. अंग ताठ धरले, तर कंबर धरते. सैल सोडले, तर झोका घेतल्यासारखे वाटते.

बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. थंडीचे दिवस हा उंटांचा माजावर येण्याचा काळ. तेव्हा नराच्या तोंडाला फेस येतो. असा उंट चावतो आणि त्याचा चावा वाईट असतो. म्हणून मालकाला विचारल्याशिवाय उंटाच्या तोंडापाशी जाऊ नये.

वाळूवरची अक्षरे

थोडे फटफटले. तेव्हा पहाटे का निघायचे, ते कळले. वारा पडलेला होता. वाळूवर बारीक लाटा उठलेल्या होत्या. त्यांवर रात्रीचे सगळे लिहिलेले होते. इथून किडा गेला, त्याची शिवणीसारखी ओळ. इथून कोल्हा गेला, त्याची पावले. बाबा एकेक खूण दाखवून सांगत होते. ऊन चढते, वारा सुटतो आणि हे सारे पुसून जाते.

मग सूर्य वर आला. वाळू आधी तांबूस झाली, मग पिवळी झाली. वाटेत खेजडीचे झाड लागले. ही खेजडी म्हणजेच आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. तिथे ती जित्राबांचे पोट भरते. उंटाने मान वर केली आणि काट्यांसकट डहाळी तोडली. त्याच्या तोंडाला काट्यांचे काहीच वाटत नाही.

हे जनावर घडलेच वाळूसाठी

उंटाच्या कुबडात पाणी असते, असे पुष्कळ जण समजतात. ते खरे नाही. कुबडात चरबी असते. चारा मिळाला नाही, की ती कामी येते. पाण्याची काटकसर उंट वेगळ्या रीतीने करतो. पाणी मिळाले नाही, तर तो दिवसा आपले अंग तापू देतो, पण घाम गाळत नाही. रात्रीच्या थंडीत अंग पुन्हा निवते. आपल्याला एवढा ताप आला, तर आपण अंथरूण धरू!

आणि पाणी मिळाले की तो पितो तरी किती? तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत सुमारे १०० लिटर पाणी पितो. वीस लिटरचे पाच हंडे झाले.

त्याचे पाय रुंद आणि गादीसारखे असतात. म्हणून ते वाळूत रुतत नाहीत. वाळू उडाली, की तो नाकपुड्या मिटून घेतो. डोळ्यांना लांब पापण्यांच्या दुहेरी रांगा असतात.

असे जनावर माणसाने पाळले नसते तरच नवल. मराठेशाहीत निरोप घेऊन सांडणीस्वार दौडत. सांडणी म्हणजे वेगाने धावणारी उंटीण. आजही सीमेवर सीमा सुरक्षा दलाचे जवान उंटावरून गस्त घालतात.

बाबांचा हिशेब

परत येताना आम्ही खाली उतरून बाबांबरोबर चालू लागलो. आम्ही विचारले, “बाबा, तुमचे उंट किती?”

“हा एकच,” ते म्हणाले. “माझ्या बापाचे वीस होते. उंटावर नांगर धरायचा, उंटावरून पाणी आणायचे, उंटावर लग्नाला जायचे. मग ट्रॅक्टर आला, नांगर सुटला. सडक झाली, ओझे सुटले. आता तुमच्यासारखे पाहुणे बसतात, म्हणून याला चारा मिळतो. उन्हाळ्यात पाहुणे नसतात. तेव्हा आम्ही दोघेही कमी खातो.”

“मुलगा काय करतो?”

“जीप चालवतो. याच वाळूवर. पाहुण्यांना जीप आवडते.”

“मग उंट विकत का नाही?”

बाबा थोडे थांबले. मग म्हणाले, “घेतो कोण?”

ही गोष्ट एकट्या बाबांची नाही. १९८०च्या सुमारास आपल्या देशात दहा लाखांवर उंट होते. २०१२ च्या पशुगणनेत ते सुमारे चार लाख भरले. २०१९ च्या गणनेत अडीच लाखच उरले. राजस्थान सरकारने २०१४ साली उंटाला राज्याचा प्राणी ठरवले. २०१५ साली कायदा केला. उंट मारायला बंदी झाली आणि परवान्याशिवाय राज्याबाहेर न्यायलाही बंदी झाली. हेतू चांगला होता. पण बाहेरची गिऱ्हाइके तुटली आणि भाव पडले. पाळणाऱ्यांना उंट जड वाटू लागला. नुसता मान देऊन जनावर जगत नाही. त्याला काम लागते किंवा त्याच्या दुधाला भाव लागतो. कच्छमध्ये उंटिणीचे दूध डेअरी विकत घेते. तिथल्या पाळणाऱ्यांना त्याचा आधार झाला आहे.

आपल्या गावात बैलांचे काय झाले, ते आठवा. दावणीला किती जोड्या होत्या आणि आता किती आहेत? म्हणजे बाबांचे बोलणे समजेल.

ढाणी आली. उंट गुडघे टेकून बसला. या वेळी आम्ही न सांगता मागे रेललो. बाबांनी खोगीर काढले. त्याखाली पाठ घामेजली होती. त्यांनी ती हाताने पुसली. मग घरात जाऊन चाऱ्याची टोपली आणली आणि आधी उंटापुढे ठेवली. आमचा चहा त्यानंतर आला.