चार चाकांची वाटणी

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्स कार बांधायची, ही ब्रिटनमधली जुनी हौस. कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ १९५७ मध्ये आली. सुटे भाग विकत घेऊन गाडी घरी जोडली की तयार गाडीवरचा खरेदीकर वाचत असे. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बांधावी याचं पुस्तकच लिहिलं, आणि लोखंडी चौकोनी नळ्या वेल्डिंग करून असंख्य गाड्या उभ्या राहिल्या.

गाडी बांधून झाली, रस्त्यावर नीट धावली, तरी ट्रॅकवर तिची खरी परीक्षा असते ती वळणात. तिथे सस्पेन्शन नेमकं काय करतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

ड्रायव्हरसकट ६२० किलोची गाडी घेऊ. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १३० सेंटीमीटर. वळणातलं आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकं झालं, की ६२० गुणिले ४० भागिले १३०, म्हणजे सुमारे १९० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ३१० किलो होते. आता आत १२० आणि बाहेर ५०० उरतात. या हिशेबात स्प्रिंग कुठेच येत नाही. स्प्रिंग कितीही कडक बसवा, गाडी कमी कलेल. पण सरकणारा भार जवळपास तेवढाच राहील.

मग सस्पेन्शनच्या हातात काय उरतं? त्या १९० किलोंपैकी किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या, हे ठरवणं. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीत भार जास्त सरकतो, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी, कडक केला की पुढची चाकं आधी घसरतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते. मागचा फार कडक केला, तर मागची बाजू सुटते.

वळणातल्या या वाटणीआधी उभ्या गाडीची वाटणी नीट हवी. चारही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवतात, सीटवर ड्रायव्हरला बसवतात आणि अँटी-रोल बार सोडवून ठेवतात. गाडीचं वागणं इथे डुगडुगणाऱ्या टेबलासारखं असतं. पुढच्या डाव्या स्प्रिंगखालची रिंग वर फिरवली की त्या चाकावरचा भार वाढतो, त्याबरोबर मागच्या उजव्यावरचाही. उरलेल्या दोन चाकांवरचा तेवढाच कमी होतो. पुढची, मागची, डावी, उजवी बेरीज मात्र हलत नाही. दोन्ही कर्णांची बेरीज सारखी येईपर्यंत रिंग थोडी थोडी फिरवायची. ती तशी नसेल, तर गाडी डावीकडे छान वळते आणि उजवीकडे अडते.

स्प्रिंग निवडताना तिच्यावर छापलेला आकडा फसवतो. चाक १० मिलिमीटर उचललं जाताना तिरकी बसवलेली स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबत असेल, तर चाकापाशी मिळणारा कडकपणा ०.७ चा वर्ग, म्हणजे जेमतेम निम्मा. उलट, गरजेपेक्षा कडक स्प्रिंगवर हलकी गाडी उंचवट्यांवर उडते, आणि हवेतल्या टायरला पकड नसते.

शेवटी टायरलाच विचारायचं. वळणात गाडी कलते तसं बाहेरचं चाकही बाहेर झुकतं, म्हणून चाकांचा वरचा भाग आधीच एक-दोन अंश आत कललेला ठेवतात. गाडी पिटमध्ये येताच तापमापकाची सुई टायरच्या रबरात तीन ठिकाणी खुपसतात. बाहेरची कड जास्त तापली असेल, तर हा कल अपुरा आहे. मधला भाग जास्त तापला, तर हवा जास्त आहे.

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हाच हिशेब मांडावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा, मगच पुढचा. दोन बदल एकदम केले, तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळत नाही. आणि स्वतः गाडी बांधण्यातलं खरं शिक्षण तर तेच कळण्यात आहे.