वैमानिकांचा संप आणि तुमच्या खिशातलं नियुक्तीपत्र

पीण्या औद्योगिक क्षेत्रातून तुमकुरू रोड धरला की हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत तुम्ही थेट पुण्याला पोहोचता. या रस्त्यावरून कामासाठी बंगळुरूला आलेली मराठी माणसं इथल्या लेथवर, सीएनसी मशीनवर, कपड्यांच्या कारखान्यांत आणि ऑफिसांत भेटतात. पूर्वी गावी जायचं म्हणजे रात्रीची बस, नाहीतर उद्यान एक्स्प्रेस. आता गणपती, दिवाळी किंवा घरचं लग्न असलं की बरेच जण आधी विमानाचे दर बघतात. दोन महिने आधी तिकीट काढतात, सुट्टी मंजूर करून घेतात, बॅगा भरतात. आणि एखाद्या सकाळी मोबाइलवर मेसेज येतो, "तुमचं उड्डाण रद्द झालं आहे." कारण विचारलं तर कळतं, वैमानिक कामावर आलेले नाहीत.

अशा वेळी राग येणं साहजिक आहे. "लाखांत पगार घेतात, तरी यांचं समाधान नाही," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. पण या भांडणाच्या मुळाशी जो कागद असतो, तसाच एक कागद तुमच्याही कपाटात आहे. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊया.

भांडण नेमकं कशावरून होतं?

एप्रिल 2024 चं विस्ताराचं उदाहरण घ्या. ही कंपनी एअर इंडियात विलीन होणार होती. त्याआधी वैमानिकांपुढे नवा करार ठेवला गेला. जुन्या करारात महिन्याला 70 तास उड्डाणाचा पगार पक्का होता. नव्या करारात हा आकडा 40 तासांवर आला. त्यापुढचे तास उडाल तर त्याचे वेगळे पैसे. बहुतेकांनी सह्या केल्या, पण नाराजी राहिली. विलीनीकरणानंतर आपली ज्येष्ठता कुठे लागेल, ही धास्तीही होतीच. मग अनेक वैमानिक उपलब्ध होईनासे झाले, उड्डाणं रद्द होऊ लागली. शेवटी कंपनीने रोजची 25 ते 30 उड्डाणं स्वतःहून कमी केली.

आता हेच पीण्याच्या भाषेत सांगते. समजा तुम्हाला ओव्हरटाइम धरून महिन्याला ठरावीक रक्कम पक्की मिळते. त्या हिशोबावर तुम्ही घराचा हप्ता घेतला, मुलीला शाळेत घातलं. उद्या मालक म्हणाला, "पक्का पगार निम्म्या तासांचा, बाकी काम मिळालं तर बघू," तर तुमची झोप उडेल की नाही? रक्कम मोठी असो की छोटी, हप्ता ठरलेल्या तारखेलाच जातो. त्यात वैमानिकाने प्रशिक्षणासाठी आधीच अनेक लाख रुपये घातलेले असतात, बऱ्याचदा कर्ज काढून.

शिवाय नोकरी सोडणंही सोपं नाही. 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हा नियम प्रवाशांची गैरसोय टळावी म्हणून आला, कारण नवा वैमानिक एका रात्रीत तयार होत नाही. 2023 मध्ये आकासा एअरचे 40 हून अधिक वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, तेव्हा कंपनीला उड्डाणं कमी करावी लागली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. म्हणजे करार मोडल्याची तक्रार कधी या बाजूने येते, कधी त्या बाजूने. मधे अडकतो तो प्रवासी.

बंगळुरूने पाहिलेला संप

बंगळुरूचं आणि विमानांचं नातं जुनं आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये इथे विमानांचा कारखाना सुरू केला. तोच पुढे एचएएल म्हणून नावाजला. आज बंगळुरूतली डायनामॅटिक टेक्नॉलॉजीज ही कंपनी एअरबसच्या ए-320 जातीच्या विमानांसाठी पंखातले भाग बनवते. तुम्ही ज्या विमानात बसता, त्यात या शहरातल्या कामगारांच्या हातचं काम असू शकतं.

याच शहरात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या किंगफिशर एअरलाइन्सची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. 2005 मध्ये थाटात सुरू झालेल्या या कंपनीने मार्च 2012 पासून कर्मचाऱ्यांचे पगार थकवले. सात महिने लोकांनी वाट पाहिली. सप्टेंबरच्या अखेरीस इंजिनीअर आणि वैमानिकांनी काम थांबवलं आणि 1 ऑक्टोबरपासून विमानं जमिनीवरच राहिली. 20 ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला. त्यानंतर थकलेले पगार टप्प्याटप्प्याने देण्याचं आश्वासन मिळालं आणि कर्मचारी कामावर परतायला तयार झाले. पण किंगफिशर पुन्हा कधीच उडाली नाही.

इथे संपाने कंपनी बुडाली असं म्हणता येईल का? कंपनी आधीच कर्जात बुडालेली होती. कर्मचाऱ्यांनी सात महिने धीर धरला, तेवढे महिने ती बाहेरून धडधाकट दिसत राहिली, इतकंच. पगार थकतोय हे कळूनही "पुढच्या महिन्यात नक्की" या शब्दावर किती दिवस थांबायचं, हा प्रश्न तेव्हा किंगफिशरच्या घराघरांत होता. लहान कारखान्यात काम करणाऱ्या अनेकांना तो आजही ओळखीचा वाटेल.

संप आणि आजारपण

विमान कंपन्यांच्या वादात एक गोष्ट वारंवार दिसते. संप म्हणून जाहीर न करता सगळे एकदम आजारी पडतात. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी आपली संघटना काढली, दोन वैमानिकांना काढून टाकण्यात आलं आणि सप्टेंबरमध्ये चारशेहून अधिक वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली. मुंबईसह देशभरात प्रवासी विमानतळावर ताटकळले. पाच दिवसांनी तडजोड झाली आणि काढलेल्यांना परत घेण्याचं ठरलं.

सगळ्याच संपांचा शेवट असा होत नाही. 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप 58 दिवस चालला. ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला मिळणार, हा वाद होता. शंभराहून अधिक वैमानिकांना काढण्यात आलं, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली आणि शेवटी संप न्यायालयाच्या मध्यस्थीने मिटला. 1982 च्या गिरणी संपाच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. संप सुरू करणं हातात असतं, त्याचा शेवट नेहमीच हातात राहत नाही.

आणि हो, प्रत्येक रद्द उड्डाणामागे संप असतोच असं नाही. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा कोणी संपावर नव्हतं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि त्या हिशोबाने पुरेसे वैमानिक नव्हते. थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये, हे तर आपल्याही जिवासाठीच आहे.

आता वैमानिक आणि फिटर एकाच रांगेत

आधीच्या कायद्यात संपापूर्वी नोटीस देण्याची सक्ती मुख्यतः विमान, रेल्वे, वीज यांसारख्या सार्वजनिक सेवांना होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे बदललं. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी किमान 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. शिवाय निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच मानला जातो. म्हणजे वैमानिकांना जे बंधन होतं, ते आता पीण्यातल्या फिटरलाही आहे.

याच संहितांनी काही गोष्टी तुमच्या पदरातही टाकल्या आहेत. प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तीपत्र मिळायला हवं. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल, तर एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क लागू होतो, पाच वर्षं थांबावं लागत नाही.

उड्डाण रद्द झालं तर

• कंपनीने उड्डाण रद्द केलं, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी एक निवडण्याचा हक्क तुमचा आहे. घाईघाईत स्वतः तिकीट रद्द करू नका, नाहीतर तुमच्याच खात्यातून शुल्क कापलं जाईल.
• एरवी ऐनवेळी उड्डाण रद्द झालं तर भरपाई मिळू शकते. पण संप आणि कामगार वाद हे नियमांत असाधारण कारण मानलं जातं, त्यामुळे संपात भरपाईची आशा धरू नका. तिकिटाचे पैसे मात्र तुमचेच.
• कंपनीकडून आलेला मेसेज, ईमेल, बोर्डिंग पास यांचे स्क्रीनशॉट ठेवा. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.
• प्रवास विमा काढताना संपामुळे झालेलं नुकसान त्यात धरलंय का, ते बघा.
• लग्न, परीक्षा, ऑपरेशन यांसाठी जाणार असाल, तर एक दिवस हाताशी ठेवून निघा. बस आणि उद्यान एक्स्प्रेस अजूनही आहेतच.

सही करण्याआधी

वैमानिकांकडे वकील आणि संघटना असतात. नव्या कराराची ओळ न् ओळ वाचायला माणसं असतात. तरीही त्यांची भांडणं कोर्टापर्यंत जातात. आपल्यापैकी बरेच जण मात्र रुजू होण्याच्या दिवशी एचआरने दाखवलेल्या जागी सही करून मोकळे होतात. यापुढे सहीआधी चार गोष्टी वाचा: पक्का पगार किती आणि कामावर अवलंबून किती, नोटीस किती दिवसांची, नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचे पैसे भरावे लागतात का, आणि मालकाला अटी बदलायच्या असतील तर तुम्हाला आधी सांगणं बंधनकारक आहे का. इंग्रजी अवघड वाटत असेल तर घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. अर्धा तास लागेल.

हे पत्र आज कुठे ठेवलंय, ते आठवतंय का? नसेल तर या रविवारी शोधा. आणि मिळालंच नसेल, तर सोमवारी ऑफिसात जाऊन मागा.