मामाची मुलगी आणि पहाडगंजचा शेजार

नवी दिल्ली स्थानकाला लागून असलेल्या पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे. भोवती पंजाबी, हरियाणवी वस्ती. मराठी आणि शेजारच्या घरांतला खरा फरक लग्न जुळवताना कळतो. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी करायला हरकत नसते. उत्तरेकडच्या हिंदूंत मामेबहीण म्हणजे बहीणच. हरियाणाच्या खेड्यांत तर गावातल्या गावात सोयरीकही होत नाही.

हा भेद मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात उलगडला. त्यांनी नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण, पूर्व असे चार विभाग पाडले. महाराष्ट्र मध्य विभागात येतो: मामेबहीण चालते, आतेबहीण बहुधा नाही. दक्षिणेत अनेक ठिकाणी दोन्ही चालतात, सख्खी भाचीसुद्धा. रीतींची नुसती यादी न करता त्या रीतीने मुलीचे आयुष्य कसे घडते हे इरावतीबाई पाहतात, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. उत्तरेतली नवरी अनोळखी घरात पाऊल टाकते. मामेबहिणीशी लग्न झाले, तर तिची सासू तिची आत्याच असते.

१९५५चा हिंदू विवाह कायदा अशी जवळची लग्ने मना करतो, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर मान्य करतो.