नकाशा फिरवा, पण उलटवू नका



गावाचा नकाशा टेबलावर पसरला की चौघे चार बाजूंनी उभे राहतात. एकाला आपले वावर वर दिसते, समोरच्याला खाली. मग "आमचा बांध इकडे" म्हणून वाद! खरे तर नकाशा फिरतो, वावर जागचे हलत नाही.

मोजणीची धास्ती जुनीच आहे. 1852 साली खानदेशात जमीन मोजणी आली, तेव्हा सारा वाढेल या भीतीने सावदा, एरंडोल भागातले शेतकरी खवळून उठले होते. तेव्हा 33 फुटांची साखळी वापरत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जमीन म्हणजे 1 गुंठा. 40 गुंठ्यांचा 1 एकर.

फिरवल्याने काय बदलते?

समजा, वावर 5 साखळ्या लांब, 4 साखळ्या रुंद आहे. म्हणजे 20 गुंठे. कागद कसाही फिरवा. लांबी तीच, कोपरे काटकोनातच, गुंठे 20 च. बदलते फक्त तोंड.

चौकटीच्या कागदावर करून पाहा. मधे शाळा काढा. शाळेपासून पूर्वेला 3 चौकटी आणि तिथून उत्तरेला 2 चौकटी जाऊन विहीर काढा. आता शाळेवर टाचणी टोचून कागद घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाव फेरा, म्हणजे 90 अंश फिरवा. उत्तर जाते पूर्वेला, पूर्व जाते दक्षिणेला. म्हणून विहीर आता दक्षिणेला 3 आणि पूर्वेला 2 चौकटींवर दिसेल. शाळेपासून अंतर मात्र तेवढेच. असे चार वेळा फिरवले की कागद पहिल्यासारखा.

उलटवल्याने काय होते?

पातळ कागदावर नकाशा छापून घेतला आणि चुकून मागच्या बाजूने पाहिला, तर तो आरशातल्यासारखा दिसतो. इथे खरी गडबड आहे. गुंठे 20 च भरतात, म्हणून हिशेबात चूक सापडत नाही. पण पूर्वेचा शेजारी पश्चिमेला जाऊन बसतो! असा नकाशा टेबलावर कितीही फिरवा, तो सरळ होत नाही. कागद पालथा करावाच लागतो.

मग ओळखायचे कसे?

आपली तापी पश्चिमेकडे वाहते. तिच्या पाण्याबरोबर तोंड करून उभे राहा. सातपुडा, चोपडा, यावल, शिरपूर उजव्या हाताला. गिरणा आणि पांझरा डावीकडून येऊन मिळतात. जळगाव-धुळ्याचा नकाशा कसाही फिरवा, सातपुडा तापीच्या उजवीकडेच राहतो. तो डावीकडे दिसला, तर नकाशा उलटा आहे हे पक्के समजा.

वावराचेही तसेच. बांधावरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालत कोपऱ्यांना 1, 2, 3, 4 आकडे द्या. बरोबर नकाशात हे आकडे त्याच क्रमाने येतात. उलट्या नकाशात काट्याच्या विरुद्ध येतात.

म्हणून पालकहो, मोजणीच्या दिवशी आधी नकाशावरचा उत्तरेचा बाण पाहा. तो सातपुड्याच्या दिशेला, म्हणजे उत्तरेकडे करा. मग सगळे एकाच बाजूला उभे राहून चारही शेजारी ताडून पाहा. बांधाचे बोलणे त्यानंतर!

मित्रांनो, आज घरी आपल्या वावराचा किंवा अंगणाचा नकाशा काढा आणि उद्या वर्गात आणा. फिरवूनही पाहू, उलटवूनही पाहू.